नवागताचा पहिला शब्द : स्थानाचा विचार

१

विचारविनिमयाच्या कोणत्याही मंडळात नव्याने येणाऱ्या व्यक्तीने आपले पहिले वक्तव्य कोठे करावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शिष्टाचाराचा वाटतो. मंडळ सभेचे असो, नियतकालिकाचे असो किंवा ग्रंथपरंपरेचे असो, नवागताला सामान्यतः एकच सल्ला दिला जातो. त्याने प्रथम आपला परिचय करून द्यावा, त्यासाठी राखून ठेवलेल्या जागी चार शब्द बोलावेत, जुन्यांची रीत पाहून घ्यावी आणि मग मुख्य चर्चेत उतरावे. मराठी घराच्या परिभाषेत सांगावयाचे तर त्याने आधी ओसरीवर टेकावे. माजघरात बोलावणे येईल तेव्हा जावे. नियतकालिकातील नवोदितांचे दालन, संमेलनातील नवकवींची वेगळी बैठक, विद्यापीठीय अंकाच्या अखेरीस येणारा विद्यार्थी-विभाग ही सर्व या ओसरीचीच रूपे होत.

या सल्ल्यामागे सद्भाव असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी जाणत्यांच्या तावडीत देऊ नये, त्याची भीड चेपावी, त्याच्या हातून होणाऱ्या लहानसहान चुकांचा बोभाटा होऊ नये, असा त्यात हेतू असतो. तथापि एखादे लेखन कोणत्या जागी प्रसिद्ध झाले याचा त्या लेखनाच्या अर्थावर आणि पुढील आयुष्यावर जो परिणाम होतो, त्याचा विचार या सल्ल्यात केलेला नसतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, पहिल्या शब्दाच्या स्थानाची खरी कसोटी तेथे त्याचे स्वागत किती होते ही नसून, तेथे त्याला उत्तर मिळण्याची शक्यता किती आहे, ही होय. ही कसोटी लावून मराठीतील काही प्रसिद्ध पहिल्या शब्दांकडे पाहिले असता, ओसरीच्या सल्ल्याविषयी पुनर्विचार करणे आवश्यक ठरते.

२

भाषाशास्त्रात या प्रश्नाच्या दोन बाजू स्वतंत्रपणे चर्चिल्या गेल्या आहेत. ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ या १९२३ च्या ग्रंथाला जोडलेल्या आपल्या निबंधात मॅलिनोव्स्की याने अशा बोलण्याकडे लक्ष वेधले की, ज्याचा उद्देश माहिती देणे हा नसतो. केवळ शब्दांच्या देवाणघेवाणीने माणसामाणसांत एक बंध निर्माण करणे एवढेच त्याचे कार्य असते. हवापाण्याच्या गोष्टी, क्षेमकुशलाची विचारपूस ही त्याची उदाहरणे. पुढे १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात रोमान याकोबसन याने भाषेच्या सहा कार्यांत संपर्क राखण्याच्या या कार्याला स्वतंत्र स्थान दिले. नवागताने प्रथम परिचयाचे चार शब्द बोलावेत, या मताला या विचाराचा आधार मिळतो. आधी बंध, मग विषय, असा तो क्रम होय.

दुसरी बाजू संवादाच्या घडणीचा अभ्यास करणाऱ्यांनी पुढे मांडली. शेग्लॉफ आणि सॅक्स यांनी १९७३ च्या आपल्या लेखात उक्तींच्या जोड्यांचे विवेचन केले आहे. प्रश्न आला की उत्तर अपेक्षित असते, निमंत्रण आले की स्वीकार किंवा नकार अपेक्षित असतो. जोडीतील पहिली उक्ती दुसरीसाठी जागा निर्माण करते आणि ती जागा रिकामी राहिली तर ते रिकामेपणही सर्वांच्या लक्षात येते. याचा अर्थ असा की, एखाद्या उक्तीचे बळ तिच्या शब्दांइतकेच तिच्या क्रमातील स्थानावर अवलंबून असते. चालू चर्चेला जोडून आलेली उक्ती उत्तराची मागणी करते. एका बाजूला ठेवलेली उक्ती तशी मागणी करू शकत नाही. तिला फार तर नमस्कारच परत मिळतो.

मराठी समाजाच्या संदर्भात या विवेचनाला आणखी एक गोष्ट जोडावी लागते. येथे परिचयाचे बोलणे निरुपद्रवी असतेच असे नाही. “आपण कुठले?” आणि “आडनाव काय?” हे नवागताला विचारले जाणारे पहिले दोन प्रश्न आपुलकीने विचारले जातात हे खरे, परंतु गाव आणि आडनाव कळले की पुष्कळदा जात कळते, आणि जात कळली की पुढील बोलणे कोणत्या कानाने ऐकावयाचे ते ठरून जाते. तेव्हा आधी परिचय द्या, मग विषयाकडे वळा, हा नियम सर्वांना सारखाच लागू केला तरी सर्वांना तो सारखाच लागत नाही. कोणाच्या दृष्टीने तो प्रवेशद्वार असतो, तर कोणाच्या दृष्टीने चौकीनाका.

३

ओसरीच्या सल्ल्याचे सर्वांत रेखीव आणि रूढिबद्ध रूप ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये आढळते. तेथील संकेताप्रमाणे नव्या सभासदाने आपल्या पहिल्या भाषणात मतदारसंघाचे वर्णन करावे, आपल्या आधीच्या प्रतिनिधीविषयी दोन चांगले शब्द बोलावेत आणि वादग्रस्त विषय टाळावेत; इतर सभासदांनीही ते भाषण मध्ये न थांबविता ऐकून घ्यावे. वाद हाच ज्या सभेचा व्यवसाय आहे, तेथे नवागताला दिलेली ही सवलत उदार वाटते. परंतु तिचे दुसरे अंग असे की, ज्या भाषणात कोणी अडथळा आणावयाचा नाही त्या भाषणाला कोणी उत्तरही देऊ लागत नाही. अभिनंदन होते आणि सभा आपल्या कामाकडे वळते.

या संकेताला बाजूला सारणाऱ्या सभासदांत ए. पी. हर्बर्ट या लेखकाचे उदाहरण लक्षणीय आहे. १९३५ च्या निवडणुकीत तो ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मतदारसंघातून निवडून आला. सभासदांच्या खाजगी विधेयकांसाठी असलेला वेळ सरकार स्वतःकडे घेऊ पाहत असता, अधिवेशनाच्या अगदी आरंभीच त्याने त्याला विरोध केला आणि घटस्फोटाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आपण आणू इच्छितो असे सांगून टाकले. त्याचा पहिला शब्द अशा रीतीने सभेच्या चालू कामकाजात पडला. त्याला विरोध झाला, पाठिंबाही मिळाला, आणि त्याच्या पाठपुराव्यातून १९३७ साली घटस्फोटाची कारणे विस्तृत करणारा कायदा संमत झाला. या यशाचे सर्व श्रेय भाषणाच्या जागेला देणे अर्थातच योग्य होणार नाही. परंतु परिचयपर भाषणाच्या ओसरीवरून हा विषय सभेपुढे आला नसता, एवढे निश्चित म्हणता येईल.

४

मराठी ग्रंथपरंपरेने या प्रश्नाचे वेगळे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. शास्त्रार्थाची सभा शतकानुशतके संस्कृतात भरत होती आणि त्या सभेत मराठी भाषा तेराव्या शतकात बऱ्याच अंशी नवखी होती. अशा वेळी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी जो ग्रंथ रचला तो गीतेवरील भाष्याच्या रूपाने. स्वतःचे स्वतंत्र तत्त्वज्ञान सांगणारा ‘अमृतानुभव’ परंपरेने त्यानंतरचा मानला जातो. भाष्य म्हणजे आधीच्या वचनाला जोडून बोलणे. भाष्यकाराला विषय कोठून काढावा याची विवंचना नसते. सभेत विषय चाललेलाच असतो. तो मूळ वचन हाती घेतो, पूर्वीच्यांनी केलेला अर्थ लक्षात ठेवतो आणि त्याच ओघात आपले म्हणणे मांडतो. ‘ज्ञानेश्वरी’त नवी मते नाहीत असे कोणी म्हणणार नाही, परंतु ती मते नवागताच्या निराळ्या पाटावर बसून सांगितलेली नाहीत.

‘ज्ञानेश्वरी’तील श्रोत्यांचे स्थानही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कवी संतसभेपुढे वारंवार नम्र होतो, अवधान मागतो, आपल्या बोलण्याला बालकाच्या बोबड्या बोलाची उपमा देतो. येथवर ती ओसरीवरची भाषा झाली. परंतु तेवढ्यावर ती थांबत नाही. निरूपण लांबले की श्रोते त्याला मध्येच थांबवून मूळ अर्थाकडे वळावयास सांगतात, आणि कवीही ते मान्य करून पुढे जातो. हे श्रोते ग्रंथातील योजनेचा भाग आहेत हे खरे. तरीही नवागताला ज्या सभेत बोलण्याची इच्छा होती ती सभा कशी असावी, याचे चित्र त्यातून मिळते. ती स्तुती करते तशी अडवितेही. अडविणारा श्रोता ऐकत असतो, याची त्या अडविण्यानेच खात्री पटते.

५

मुद्रणाच्या युगात भाष्याची ही जागा वृत्तपत्रातील पत्रव्यवहाराने घेतली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि १८४१ मध्ये भाऊ महाजन यांनी ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक मुंबईत सुरू केले. याच ‘प्रभाकरा’त १८४८ पासून गोपाळ हरि देशमुख यांची ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. पुढे त्यांना ‘शतपत्रे’ हे नाव मिळाले. प्रत्यक्षात त्यांची संख्या १०८ आहे. पत्रे सुरू झाली तेव्हा लेखकाचे वय पंचवीस वर्षांचे होते आणि तो सरकारी नोकरीत होता.

या पत्रांतील विचारांची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे विचार करावयाचा तो त्यांच्या स्थानाचा. पत्र या प्रकाराला प्रस्तावनेची गरज नसते. संपादकाला संबोधले की विषयाला हात घालता येतो. पत्र लिहिणाऱ्याने आपण कोण हे सांगितलेच पाहिजे असे नाही. वृत्तपत्राचा वाचक असणे एवढा अधिकार त्याला पुरतो. लोकहितवादींनी हा अधिकार पुरेपूर वापरला. विद्येची अवनती, पुनर्विवाह, ब्राह्मणांचे अज्ञान, इंग्रजी राज्याचे कारण असे विषय ते एकामागून एक घेतात, आणि प्रत्येक विषय लोकांत चालू असलेल्या बोलण्याच्या अनुरोधाने घेतात. लोक असे म्हणतात, परंतु ते बरोबर नाही, अशी त्यांच्या युक्तिवादाची घडण आहे. यामुळे प्रत्येक पत्र कोणाच्या तरी म्हणण्याला दिलेले उत्तर होते आणि पुढील उत्तराला आमंत्रणही देते. दोन वर्षे ही पत्रमाला चालली, ती केवळ लेखकाच्या उत्साहावर चालली नाही. त्या जागेचा स्वभावच असा होता की, आजच्या अंकातील शब्द पुढच्या अंकाची अपेक्षा निर्माण करीत असे.

परंतु येथे एक गोष्ट नजरेआड करता कामा नये. लोकहितवादी हे नाव धारण करून लेखकाला आपले खरे नाव झाकता आले, आणि नाव झाकूनही वाचकांच्या दृष्टीने तो परका ठरला नाही. त्याची भाषा, त्याचे दाखले, स्वतःच्याच जातीवर टीका करताना त्याने घेतलेला सूर यांवरून तो घरचाच माणूस आहे हे स्पष्ट होते. परिचय न देता विषयावर बोलण्याचे स्वातंत्र्य त्याला मिळाले, कारण त्याचा परिचय गृहीत धरलेला होता.

६

सात वर्षांनंतरचे एक लेखन याच्या शेजारी ठेवून पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’च्या दोन अंकांतून प्रसिद्ध झाला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू केलेले पत्र. तिचे ज्ञात असलेले लेखन एवढेच आहे.

या निबंधाचा आरंभ लोकहितवादींच्या पत्राप्रमाणे होऊ शकत नाही. लेखिका प्रथम आपण कोण हे सांगते आणि हा विषय ईश्वरानेच आपल्या मनात भरविला असे म्हणते. वाचक असण्याचा साधा अधिकार तिला पुरेसा वाटत नाही. लिहिण्याचे बळ तिला ईश्वराकडून मागून घ्यावे लागते. तिच्या बाबतीत परिचय हाच विषय आहे आणि विषय हाच परिचय. टोपणनाव घेतले असते तर निबंधाचा आधारच नाहीसा झाला असता.

असे असूनही निबंधाचा गाभा परिचयाचा नाही, वादाचा आहे, ही त्याची खरी थोरवी होय. वेद ही आपलीच मालमत्ता आहे असे ब्राह्मण म्हणतात, ते वेद पाहण्याचीही आम्हांस मनाई आहे, तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती उपस्थित करते. समोरच्याचे म्हणणे मान्य करून त्यातूनच त्याला अडचणीत आणणारा निष्कर्ष काढावयाचा, ही शास्त्रार्थातील परिचित रीत तिने सहजपणे वापरली आहे. त्यानंतर ती पेशवाईतील अत्याचारांचे दाखले देते; इमारतींच्या पायात माणसे पुरली जात याची आठवण करून देते; निवाऱ्यावाचून प्रसूत होणाऱ्या स्त्रियांचे हाल सांगते. शेवटी ती आपल्या लोकांकडे वळून त्यांना विद्येचे औषध घ्यावयास सांगते. म्हणजे या एका निबंधात दोन श्रोतृवर्ग आहेत. पंडितांना प्रश्न विचारलेला आहे आणि आप्तांना उपदेश केलेला आहे.

आता कसोटी लावून पाहावी. हा प्रश्न ज्या पंडितांना विचारलेला होता, त्यांच्या चर्चेच्या जागी तो आलाच नाही. तो आला मिशनच्या पत्रात. ‘ज्ञानोदया’ने तो छापला हे त्या पत्राला भूषणावह आहे, दुसऱ्या कोणी तो छापला असता असे मानावयास फारसा आधार नाही. परंतु त्या जागी विद्यार्थिनीच्या निबंधाकडे शिक्षणाचे फळ म्हणून पाहणे सोपे होते, आणि कौतुक झाले की प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी संपते. वेदाधिकारासंबंधीचा इतका नेमका प्रश्न एकोणिसाव्या शतकातील मराठी धर्मचर्चेत मानाच्या स्थानी चर्चिला गेलेला दिसत नाही. सूझी थारू व के. ललिता यांनी संपादित केलेल्या भारतीय स्त्रीलेखनाच्या इंग्रजी संग्रहात १९९१ साली तो अनुवादरूपाने समाविष्ट झाला आणि त्याच्याकडे अभ्यासकांचे लक्ष नव्याने वेधले गेले. प्रश्न विचारला गेल्यापासून तोवर १३६ वर्षे उलटली होती.

लोकहितवादींची १०८ पत्रे आणि मुक्ताबाईचा एक निबंध यांतील अंतराचे कारण केवळ प्रसिद्धीचे स्थान होते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. जात, स्त्रीत्व, वय, उपजीविका ही कारणे अधिक खोल आहेत. परंतु ही कारणे प्रत्यक्ष कार्य करतात ती स्थानाच्या द्वारे. कोणाला कोणत्या पानावर बोलू द्यावयाचे, हे ठरवूनच समाज कोणाला उत्तर द्यावयाचे हे ठरवीत असतो.

७

उत्तराच्या रूपात लिहिले म्हणजे उत्तराचे स्थान मिळतेच असे नाही, हे ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या १८८२ च्या पुस्तकावरून दिसते. सुरत येथील विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जे ताशेरे झाडले गेले, त्यांना दिलेले हे तडफदार उत्तर होय. पुस्तकाचा सर्व आवेश प्रत्युत्तराचा आहे. वृत्तपत्रकार जणू समोर उभा आहे असे धरून लेखिका बोलते. पण ज्या स्तंभात आरोप झाले त्या स्तंभात हे उत्तर आले नाही; ते स्वतंत्र पुस्तकाच्या रूपाने बाहेर पडले. त्याच्यावर प्रतिकूल टीका झाली, आणि जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात लेखिकेची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र झाले नाही.

स्वतः फुले यांचा अनुभवही असाच होता. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. नव्या मराठी ग्रंथांना उत्तेजन देणारी ही संस्था म्हणजे त्या काळची अधिकृत ओसरीच होती. तेथे नाटकाचा स्वीकार झाला नाही, ही हकीकत त्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त नमूद केली आहे. ते नाटक १९७९ साली प्रथम मुद्रित झाले. उत्तेजनासाठी राखून ठेवलेल्या जागेचे द्वारपालही असतात आणि तेही सभेच्याच माणसांतून नेमलेले असतात, हे येथे ध्यानात घ्यावयाचे.

सभेत जागा नाही आणि ओसरीवरही नाही, अशा वेळी नवागताने काय करावे? डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू करून याचे उत्तर दिले. पहिल्याच अंकातील त्यांचे विवेचन स्थानाच्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. काही वृत्तपत्रांतून अस्पृश्यांच्या प्रश्नांची चर्चा होते हे ते नाकारीत नाहीत. परंतु त्या प्रश्नांच्या व्याप्तीला पुरेल इतकी जागा त्यांत मिळत नाही, म्हणून स्वतंत्र पत्र हवे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापावयास ‘केसरी’ने नकार दिला होता. तेव्हा येथे स्वतंत्र घर बांधणे अपरिहार्य होते. परंतु आंबेडकरांनी त्या घराचे दार चर्चेकडे पाठ करून ठेवले नाही. ‘मूकनायका’त आणि १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘बहिष्कृत भारता’त ते इतर पत्रांची नावे घेऊन, त्यांचे म्हणणे उद्धृत करून त्यांचा समाचार घेत राहिले. त्यांचे पान स्वतःचे होते. त्यांचा शब्द मात्र सर्व महाराष्ट्रात चाललेल्या वादातच पडत होता. आपले उत्तर देण्याचे काम पुढे इतरांना टाळता आले नाही.

८

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, नवख्यांसाठी राखीव दालन नसेल तर अनेक भिडस्त लेखक कधीच लिहिणार नाहीत. हा आक्षेप अर्थपूर्ण आहे. परंतु भीड मोडते ती बहुधा आपल्या बोलण्याला कोणी तरी गंभीरपणे घेतले या अनुभवाने. वारकरी कीर्तनात नवा टाळकरी पहिल्या दिवशी स्वतंत्र अभंग म्हणत नाही. पण त्याला मंडपाबाहेरही बसवीत नाहीत. तो रांगेत उभा राहून धृपद धरतो. धृपद हे कीर्तनकाराच्या चरणाला दिलेले उत्तरच असते आणि त्यात नवा आवाज मिसळला तरी ताल मोडत नाही. लहान परंतु मुख्य जागी केलेले काम हेच भीड घालविण्याचे खरे साधन होय. शोधनिबंधाच्या क्षेत्रात एखाद्या पाठभेदाची दुरुस्ती, एखाद्या शब्दाच्या व्युत्पत्तीवरील शंका, बोलीतील एका रूपाची नोंद ही अशी धृपदे आहेत.

दुसरा आक्षेप असा की, रीत न जाणणारा नवागत मुख्य चर्चेत आला तर जुनेच प्रश्न पुनःपुन्हा विचारले जातील आणि चर्चेची पातळी खाली येईल. ऐकल्यावाचून बोलू नये, ही नवागताकडून करावयाची रास्त अपेक्षा आहे, आणि भाष्याच्या परंपरेतही ती होती. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तेथे अर्थ नव्हता. परंतु ही अपेक्षा बोलण्याच्या तयारीविषयीची आहे, बोलण्याच्या जागेविषयीची नाही. तयारी कमी असेल तर ते लेखन परत करावे, सुधारून मागवावे. मात्र ते वेगळ्या पंगतीला वाढू नये. शिवाय मुक्ताबाईचा प्रश्नही जुन्यांना अडाणीपणाचाच वाटला असता. सभेने आजवर न ऐकलेला प्रश्न आणि सभेची रीत ठाऊक नसलेल्याचा प्रश्न यांतला भेद पहिल्या ऐकण्यात कळतोच असे नाही. तो उत्तर देण्याचा प्रयत्न करतानाच कळतो.

९

वरील विवेचनातून नवागताच्या आणि संपादकाच्या अशा दोघांच्याही कर्तव्याविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात. नवागताने आपला पहिला शब्द ज्या विषयाविषयी आहे, त्या विषयाची चर्चा जेथे चालली असेल तेथेच तो ठेवावा. कोणाच्या तरी निश्चित विधानाला तो जोडलेला असावा, त्या विधानाशी त्याचे नाते मान्यतेचे असो वा विरोधाचे. आपण कोण हे सांगण्याची आवश्यकता विषयालाच असेल तेव्हा ते अवश्य सांगावे. केवळ प्रवेशशुल्क म्हणून सांगू नये. ती जागा नाकारली गेली तर स्वतःचे पान उघडावे, परंतु त्या पानावरूनही बोलावे ते मुख्य सभेशीच.

संपादकाचे कर्तव्य याहून कठीण आहे. लेखन लेखकाच्या वयाप्रमाणे किंवा पदवीप्रमाणे न लावता विषयाप्रमाणे लावणे हे त्याच्या हातात असते. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने एखाद्या प्राध्यापकाच्या मतावर घेतलेली शंका अंकाच्या शेवटच्या विभागात कौतुकाने छापण्याऐवजी, ती त्या मताच्या संदर्भात छापावी आणि पुढच्या अंकात त्या प्राध्यापकाकडून उत्तर मागवावे. उत्तर आले नाही तर ते आले नाही, हे वाचकांना दिसू द्यावे. विद्यापीठीय नियतकालिकांना हे सहज करता येण्यासारखे आहे, कारण तेथे प्रश्न करणारा आणि उत्तर देणारा बहुधा एकाच इमारतीत असतात.

साहित्याच्या इतिहासकारानेही आपली पद्धत तपासून पाहावी लागेल. पहिले लेखन कोणाचे आणि केव्हाचे, याची नोंद तो दक्षतेने करतो. ते कोणत्या जागी आले आणि त्याला कोणी उत्तर दिले, याची नोंद क्वचितच करतो. मुक्ताबाईच्या निबंधाला आज इतिहासात आद्यत्वाचा मान मिळाला आहे आणि तो उचितच आहे. परंतु मान हाही ओसरीवरचाच सत्कार ठरण्याचा संभव असतो. तिने विचारलेला प्रश्न धर्माधिकाराचा होता. एकोणिसाव्या शतकातील धर्मचर्चेच्या इतिहासात, लोकहितवादींच्या पत्रांच्या आणि तत्कालीन पंडितांच्या लेखनाच्या ओळीत तो निबंध ठेवून, त्या प्रश्नाचे उत्तर त्या लेखनात कोठे आहे आणि कोठे नाही हे शोधणे, हे काम मराठीच्या अभ्यासकांपुढे आहे.